हिंमतरावसाहेबांच्या निरोपाचा फोटो

“फोटोग्राफर कशाला बोलवता, आमच्या घरी कॅमेरा आहे,” असं शरच्चंद्र धानोरकर एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास तहसील कचेरीत बोलून गेला. बोलायची काही गरज नव्हती. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. तो आपल्या टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होता. पण माणसाच्या हातून मोठ्या चुका बहुधा अशा किरकोळ कामात असतानाच होतात.

गावाचं नाव सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, जळगाव जामोदहून खामगावकडे जाणारी एसटी तिथं थांबते आणि कंडक्टर चहा पिऊन घेतो, एवढ्यावर भागवून घ्यावं. साल चौसष्ट. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, पण कचेरीतल्या जुन्या फॉर्मांवर अजून मध्यप्रदेश छापलेलं होतं, आणि ते लाल शाईनं खोडून वर महाराष्ट्र लिहायचं काम शरच्चंद्राकडे होतं. चार वर्षं तो हे काम करत होता. फॉर्म संपत नव्हते.

तर तहसीलदार हिंमतराव यांची चांद्याला बदली झाली होती. साहेब कडक. तीन वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, हसून बोलायची तर बातच नको. पण बदलीचा हुकूम आल्यावर त्यांनी कचेरीचा खजिना आणि हिशेब सांभाळणारे नाझर नारायणराव यांना आत बोलावलं आणि खिडकीबाहेर पाहत सांगितलं, की एकतीस वर्षांच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या, पण निरोपाचा ग्रुप फोटो एकदाही झाला नाही. एकदा पाऊस आला. एकदा फोटोग्राफर टायफॉइडनं पडला. एकदा सगळे ओळीनं बसले आणि बदली रद्द झाल्याची तार आली. पुढच्या वर्षी साहेब रिटायर होणार होते. “जमलं तर पाहा,” एवढंच ते म्हणाले.

नारायणरावांनी मलकापूरच्या फोटोग्राफरला पत्र लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात शरच्चंद्राची पेन्सिल टोकाला आली.

कॅमेरा घरी होता, हे खरं होतं. पद्मजाचे, म्हणजे शरच्चंद्राच्या बायकोचे मामा भगवंतराव रेल्वेत होते. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी आपला काळा, चौकोनी, पेटीसारखा कॅमेरा भाचेजावयाला देऊन टाकला होता. मागच्या पडवीत खुंटीला तो नऊ वर्षं लटकत होता. मागचं झाकण सैल झालेलं, पट्टा उंदरांनी चाखून पाहिलेला.

“चालतो का पण तो?” पद्मजानं विचारलं.

“चालायला काय झालं? बंद कुठं पडलाय?”

“चालू तरी कुठं होता? आपण कधी एक फोटो काढलाय का त्यानं?”

या प्रश्नात शरच्चंद्राला अविश्वासाचा वास आला. त्यानं कॅमेरा धोतराच्या सोग्यानं पुसला, खटका दाबला. ‘खट’ असा आवाज झाला. “ऐकलंस?” तो म्हणाला. त्याच्या मते परीक्षा संपली होती.

खामगावहून कंडक्टरकरवी फिल्म मागवली. शनिवारी कचेरीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. मध्ये हिंमतरावसाहेब, काळा कोट, काळी टोपी, गळ्यात झेंडूचा हार. दोन्ही बाजूंना कारकून मंडळी, मागं तलाठी, आणि एका टोकाला चपराशी मोतीराम. साहेब श्वास रोखून बसले होते. शरच्चंद्रानं कॅमेरा पोटाशी धरला, वरच्या काचेत डोकावून पाहिलं. एका फिल्मवर आठ फोटो निघतात. त्यानं आठही काढले. न जाणो. शेवटच्या फोटोनंतर साहेबांनी रोखलेला श्वास सोडला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा शरच्चंद्राच्या खांद्यावर हात ठेवला. “धानोरकर, एक प्रत चांद्याला पाठवा.” रविवारी साहेब ट्रंका, वळकट्या आणि बायकोसह एसटीनं गेले.

बुधवारी फिल्म धुऊन परत आली. ती कोरी होती. पांढरी म्हणावी तर पांढरी नव्हे, पाण्यासारखी आरपार. शरच्चंद्रानं ती उजेडाकडं धरली आणि तिच्यातून समोरचा कडुलिंब, कडुलिंबाखालची बकरी, सगळं स्वच्छ दिसलं. फक्त हिंमतरावसाहेब दिसत नव्हते. सोबत स्टुडिओवाल्याची चिठ्ठी होती: ‘फिल्म उलटी भरलेली होती. काळा कागद भिंगाकडे आला आणि फिल्म पाठमोरी राहिली. कृपया लहान मुलांच्या हाती कॅमेरा देऊ नये.’

शरच्चंद्र पडवीतल्या झोपाळ्यावर बसला. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य त्यानं चार वेळा वाचलं. मग चिठ्ठी चुलीत घातली, आणि कचेरीत सांगितलं की फिल्म धुवायला वेळ लागतो, ते काही धोतर नाही.

पण एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. साहेब गेले तरी कॅमेरा निदान आपल्या बाजूनं उभा राहतो की नाही हे पाहावं, म्हणून त्यानं दुसरी फिल्म मागवली, चिठ्ठीतला धडा लक्षात ठेवून ती नीट सुलटी भरली, आणि पद्मजाचे, तुळशीचे, बकरीचे मिळून आठ फोटो काढले. चार दिवसांनी तीही कोरी परत आली. या खेपेला चिठ्ठीत एकच शब्द होता: ‘अंधार.’

आता मात्र त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. तो अंगणात कॅमेरा मांडीवर घेऊन बसला असताना कुंपणापलीकडून उकंडराव आले. उकंडराव सरकारी दवाखान्यातले रिटायर कंपाउंडर. माणूस असो की म्हैस, उकंडराव आधी जीभ बघत. कॅमेऱ्याला जीभ नव्हती म्हणून त्यांनी तो कानाशी धरून हलवला.

“याले थंडी बसली,” ते म्हणाले. “नऊ वर्षं पडवीत टांगेल होता ना? आठ दिवस ऊन दाखवा. अन् खटक्यात एरंडीचं तेल सोडा दोन थेंब.”

शरच्चंद्रानं आठ दिवस ऊन दाखवलं. तेलाचे दोन थेंब सोडले, मग मनाचं समाधान होईना म्हणून आणखी दोन. आवाज ‘खट’च्या ऐवजी ‘बुळुक’ येऊ लागला.

“मंग लायसनची भानगड असन,” उकंडराव दुसऱ्या भेटीत म्हणाले. “रेडिओले लायसन लागते, तं कॅमेऱ्याले काऊन नाही लागणार? स्टुडिओवाले हुशार असते बाप्पा. बिनलायसनचा फोटो निंगाला तरी पुसून टाकते. कोन जेलात जाईन?”

सरकारी नोकरानं बिनलायसनचा कॅमेरा कचेरीच्या अंगणात, खुद्द तहसीलदारांवर रोखला होता, या विचारानं शरच्चंद्रानं कॅमेरा धोतराच्या सोग्याखाली झाकला. तो तडक पोस्टात गेला. पोस्टमास्तर दयाराम हे नियमाला धरून चालणारे गृहस्थ होते, आणि एखादा नियम आपल्याला माहीत नाही असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कॅमेऱ्याचं लायसन पोस्टात मिळत नाही, मुळात ते नसतंच, असं सांगण्याऐवजी ते म्हणाले, “फॉर्म संपलेत. रेडिओच्या फॉर्मवर भरून द्या, मी दुरुस्ती करतो.” मग त्यांनीच चष्मा लावून विचारायला सुरुवात केली.

“विजेवर चालतो की बॅटरीवर?”

“उन्हावर.”

दयारामांनी लिहिलं: ‘ऊन.’ “कोणकोणती स्टेशनं लागतात?”

शरच्चंद्रानं थोडा विचार केला आणि तो खरं तेच म्हणाला, “अजून एकही लागलेलं नाही.”

“मग दुरुस्त करून आणा. बंद यंत्राला लायसन देता येत नाही,” असं म्हणून दयारामांनी फॉर्म परत केला. शरच्चंद्र बाहेर आला तेव्हा त्याला आपण जेलमधून सुटल्यासारखंही वाटत होतं आणि दारातून हाकलल्यासारखंही.

घरी पद्मजा गहू निवडत बसली होती. तिनं काही न बोलता कॅमेरा हातात घेतला, मागचं झाकण उघडलं, रिकामी पेटी डोळ्याला लावून तोंड सूर्याकडं केलं आणि खटका दाबला. बुळुक. पुन्हा दाबला. “अहो,” ती म्हणाली, “यातून उजेडच येत नाही. खटका उघडतो, पण आत कोणीतरी दार लावून बसलंय.”

तिनं अंबाड्यातला आकडा काढून आत घातला. भिंगाच्या मागच्या बाजूनं वाळलेल्या चिखलाचा एक खडा निघाला, मग दुसरा, मग सुपारीएवढं अख्खं गोल घर. कुंभारीण माशी, जी भिंतींना, चौकटींना मातीची घरं लावत हिंडते, तिनं सैल झाकणातून आत शिरून नेमकं भिंगावर बांधकाम केलं होतं. घरात तीन वाळलेल्या अळ्या होत्या. शरच्चंद्र त्या अळ्यांकडे पाहत राहिला. श्वास रोखून बसलेले हिंमतरावसाहेब आणि त्यांच्या भोवतीचं सबंध तहसील या तिघींनी पाहिलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

“तू आधी का नाही पाहिलंस?” त्यानं विचारलं.

“मला कुठं हात लावू देत होतात,” पद्मजा म्हणाली आणि गव्हाकडे वळली.

दुसऱ्याच दिवशी चांद्याहून साहेबांचं कार्ड आलं, नाझरांच्या नावे. ‘फोटोची वाट पाहत आहे. बैठकीत समोरच्या भिंतीवर खिळा मारून ठेवला आहे. सौ.ने जागा पुसून घेतली आहे.’

ते वाचल्यावर शरच्चंद्राला खोटं पुढे ढकलवेना. त्यानं नारायणरावांना कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगितलं, उलट्या फिल्मपासून अळ्यांपर्यंत. नारायणरावांचा चेहरा हळूहळू कोऱ्या फिल्मसारखा झाला. मलकापूरच्या फोटोग्राफरचं पत्र अर्ध्यावर टाकणारा हात त्यांचाच होता. बराच वेळ त्यांनी नाकावरचा चष्मा वरखाली केला. मग नाझरकीची सव्वीस वर्षं एका जागी जमा झाल्यासारखे ते म्हणाले, “धानोरकर, मूळ कागद गहाळ झाला तर आपण काय करतो?”

“खरी नक्कल.”

“मग नक्कल करा.”

“पण साहेब चांद्याला आहेत.”

नारायणरावांनी मान वळवली. व्हरांड्यात मोतीराम माठात पाणी ओतत होता. उंची साहेबांचीच. खांदे तसेच. मिशीही तशीच, फक्त साहेबांची मिशी चिडलेली असे आणि मोतीरामची विचारात असे. “तुमचा कॅमेरा जुना आहे,” नारायणराव हळूच म्हणाले. “चेहरा काही इतका उमटायचा नाही.”

शरच्चंद्राला धक्का बसला. धक्का यासाठी की सुचवणारे नाझर होते, आणि त्याहून मोठा यासाठी की आपल्याला ते पटत होतं.

मोतीरामला सांगितलं. त्यानं खांद्यावरच्या फडक्याची घडी केली, मोडली, परत केली.

“नाझरसाहेब, बावीस वर्षं झाले, म्या ते खुर्ची पुसून राह्यलो,” तो म्हणाला. “तिच्यावर बसाचं तं कधी मनातबी नाही आणलं. उद्या कोनी म्हणलं का चपराशी साहेबाच्या खुर्चीत बसला, तं तुमी हाव म्हणान का?”

“म्हणेन. मीच बसवलं म्हणून सांगेन.”

“लिहून द्या.”

आणि नारायणरावांनी, ज्यांनी सव्वीस वर्षांत कोणालाही काही सहजासहजी लिहून दिलं नव्हतं, एक चिठ्ठी लिहून दिली. मोतीरामला वाचता येत असे. त्यानं ती पूर्ण वाचून खिशात ठेवली.

नवे तहसीलदार अजून आले नव्हते आणि नायब तहसीलदार दौऱ्यावर होते. शनिवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या. उकंडरावांचा काळा कोट आणला, त्याला दवाखान्याचा वास होता. टोपी नारायणरावांची. हार ताजा. मोतीराम मधल्या खुर्चीत बसला, पाठ टेकवून, हात मांडीवर, आणि सरळ समोर पाहू लागला.

आता एक गोष्ट घडली, ती शरच्चंद्राला पुढं कितीदा आठवली तरी नीट सांगता आली नाही. ओळीतली कुजबुज थांबली. एका कारकुनानं तोंडातलं पान गिळून टाकलं. मागच्या तलाठ्यानं कोटाची वरची गुंडी लावली. कोणी सांगितलं नव्हतं. मोतीरामनं घसा साफ केला आणि सगळे ताठ झाले.

शरच्चंद्रानं पोटाशी कॅमेरा धरून तीन फोटो काढले. चौथ्याला फाटक वाजलं. सुनगावकडचा एक म्हातारा, डोक्याला मळकं पागोटं, हातात चौघडी कागद, सरळ चालत आला तो मधल्या खुर्चीपुढं. हात जोडून खुर्चीच्या उजव्या अंगाला उभा राहिला.

“साहेब, माह्या संत्र्याच्या बगिच्याचा रस्ता बाजूवाल्यानं काटे लावून बंद केला. चौथा अर्ज हाय. गाडी जात नाही, माल झाडालेच सडून राह्यला.”

सगळे मोतीरामकडं पाहू लागले. शरच्चंद्राला वाटलं, आता हा उठेल, हसेल, सांगेल की बाबा, मी चपराशी. मोतीराम उठला नाही. त्यानं कागद घेतला, उलगडला, शेवटपर्यंत वाचला. मग मान न वळवता कागद डावीकडे धरून तो म्हणाला, “नाझरसाहेब, याचं आज पाहा.”

आणि नारायणराव उभे राहिले. उभे राहून, दोन्ही हातांनी कागद घेत म्हणाले, “होय साहेब.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले. शरच्चंद्राचं बोट त्याच धक्क्यानं खटक्यावर पडलं. बुळुक. म्हातारा “लय उपकार झाले साहेब” म्हणून निघून गेला. बसलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही.

कोट उतरवताना मोतीराम म्हणाला, “नाझरसाहेब, त्याले म्या आज म्हणून सांगतलं हाय.”

“आज शनिवार आहे, मोतीराम.”

“हाव. पन म्या आज म्हणलं.”

नारायणरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि छत्री घेऊन तलाठ्याला बरोबर घेऊन ते सुनगावच्या वाटेला लागले. नाझर स्वतः शेतावर गेलेला कोणी आजवर पाहिला नव्हता.

फिल्म आली ती शरच्चंद्रानं दोनदा उजेडाकडं धरून पाहिली. सगळ्यांचा भरवसा या गोष्टीवर होता की जुना कॅमेरा चेहरा धूसर काढील. भगवंतरावांच्या कॅमेऱ्यानं नऊ वर्षांची झोप झाल्यासारखं काम केलं होतं. चारापैकी चार फोटो, आरशासारखे. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजाव्यात. आणि मधोमध मोतीराम, मिशीच्या केसासकट मोतीराम, जगात दुसरं कोणी असूच शकत नाही असा.

असा फोटो साहेबांना पाठवायची त्याची छाती होईना. न पाठवण्याचीही होईना. शेवटी त्यानं चौथा, नाझर उभे असलेला फोटो निवडला, त्याबरोबर पाच पानी पत्र लिहिलं, त्यात माशी, अळ्या, काळा कागद, सगळं कबूल केलं, पोस्टात टाकलं, आणि घरी येऊन पद्मजाला सांगितलं की बहुधा आपली नोकरी गेली. तिनं ते ऐकून त्याला ताक दिलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. सगळी कचेरी शरच्चंद्राच्या टेबलाभोवती जमली. दारात मोतीराम. शरच्चंद्रानं लिफाफा फोडून मोठ्यानं वाचलं:

‘फोटो मिळाला. पत्र वाचायच्या आधीच मी मोतीरामला ओळखलं, सौ.नेही. प्रथम संताप आला, तो जेवणापर्यंत टिकला. जेवणानंतर फोटो पुन्हा पाहिला. त्यात नाझर उभे राहून कागद घेताना दिसतात. मी तीन वर्षं त्या कचेरीत बसलो. माझ्या हातून कागद घेताना नाझर कधी उभे राहिल्याचं आठवत नाही. यात मोतीरामचा दोष नाही. तो कसा बसला आहे, ते मी इथल्या खुर्चीत बसण्यापूर्वी रोज एकदा पाहतो. फोटो परत पाठवणार नाही. हिंमतराव.’

नारायणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिले. मोतीरामनं माठावरचं झाकण नीट बसवलं.

सोमवारी नवे तहसीलदार हजर झाले. तरुण, गोरे, पुण्याकडचे. ते खुर्चीत बसून पहिली फाइल उघडतात तोच तो सुनगावचा म्हातारा टोपली घेऊन व्हरांड्यात आला. आत त्यानं पाहिलंही नाही. स्टुलावर बसलेल्या मोतीरामपुढं टोपली ठेवून त्यानं हात जोडले.

“साहेब, रस्ता तवाच मोकळा झाला. काल शेवटची गाडी निंगाली.”

मोतीराम काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तो त्याला फाटकापर्यंत पोचवून आला.

“हा म्हातारा कोणाला साहेब म्हणत होता?” नव्या तहसीलदारांनी विचारलं.

शरच्चंद्रानं मान खाली घालून मध्यप्रदेश खोडायला घेतलं. नारायणराव उठले आणि फायलींचा एक गठ्ठा उगाच दुसऱ्या टेबलावर हलवू लागले.

तेवढ्यात मोतीराम टोपली घेऊन आत आला. एकेक संत्रं फडक्यानं पुसून त्यानं साहेबांच्या टेबलावर मांडलं. चार संत्री मांडून झाली.

“साहेबासाठी देले त्यानं,” तो म्हणाला आणि रिकामी टोपली घेऊन बाहेर गेला.

म्हाताऱ्यानं टोपली ठेवली तेव्हा तिच्यात पाच होती, हे शरच्चंद्रानं पाहिलं होतं. थोड्या वेळानं व्हरांड्यातून संत्र्याच्या सालीचा वास आला. त्यानं मान वर केली नाही.